जिभेची पावती

माझी थोरली लेक अनुसया जन्मली ते साल एकाहत्तर. तिच्या बारशाला चार दिवस झाले असतील, एका सकाळी सिदू तात्या आमच्या दारात येऊन उभे राहिले. हातात कागद होता. मेलेलं पाखरू शेपटीला धरून उचलावं तसा त्यांनी तो दोन बोटांत धरला होता.

"गेनू, भाईर ये."

पाळण्याची दोरी बायकोच्या, हौसाच्या, हातात देऊन मी बाहेर गेलो.

"वाच."

"तात्या, मला कुठं वाचता येतंय?"

"मला तरी कुठं येतंय? पर ग्रामसेवकानं वाचून दावलंय. तुजी करणी लिवलीया त्यात."

'सिदू तात्या बोरगावकर आणि मंडळी' हा आमचा तमाशाचा फड. माणसं अठरा. तात्या फडाचे मालक आणि वगातले राजे. मी सोंगाड्या. राजाचा शिपाई व्हायचं आणि लोकांना हसवायचं, हे माझं काम. आदल्या चैत्रात एका जत्रेत राजानं पाणी मागितलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "महाराज, पानी कुठनं आणू? गावात सभापतींनी नवी हीर बांधलीया खरी. पर उद्घाटनाला नारळ फोडला, तेवढंच पानी हाय तिच्यात." मैदान लोळलं. सभापती पहिल्याच रांगेत बसले होते. तेही हसले, म्हणून मी समजलो की मिटलं.

मिटलं नव्हतं. त्यांनी जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज केला होता, की हा फड मनाला येईल ते बोलतो. कचेरीनं कळवलं होतं की वगाची संहिता दोन प्रतींत लिहून द्यावी. मग साहेब स्वतः प्रयोग बघतील. कागदावरचा शब्द आणि तोंडातला शब्द एक निघाला तर या वर्षी जत्रांची परवानगी मिळेल, नाहीतर नाही.

"संहिता म्हंजे काय वो?" मी विचारलं.

"वग लिवून काढायचा. तू काय बोलणार, मी काय बोलणार, समदं."

"त्ये आदी कसं कळायचं?"

तात्या पायरीवर बसले. "त्येच तर मी रातभर इचार करतोय."

आमचा वग कुणी लिहिलेला नव्हता. गोष्ट ठरलेली असायची. 'नथीचा चोर' हा आमचा चालणारा वग. राणीची नथ चोरीला जाते, राजा शिपायाला चोर शोधायला पाठवतो, शिपाई तीन गावं फिरतो आणि शेवटी नथ राजाच्याच पागोट्यात सापडते. एवढंच ठरलेलं. मधलं बोलणं ज्या त्या मुक्कामाला, ज्या त्या माणसांसमोर सुचेल तसं. दसऱ्याला फड बाहेर पडायचा आणि बुद्धपौर्णिमेला परतायचा, तेवढ्या मुदतीत तोच वग शंभर वेळा व्हायचा आणि शंभर तऱ्हांनी व्हायचा.

हे मला शिकवलं तात्यांनीच. मी फडात आलो त्या दिवशी त्यांनी मला समोर उभं केलं आणि म्हणाले, "गेनू, दारात हत्ती आलाय."

मी दाराकडं बघितलं. "न्हाई की, तात्या. कुठाय?"

"मेला," तात्या म्हणाले. "मी एवढा हत्ती आणला, तू एका शब्दात मारलास. आता राजानं काय बोलावं? समोरच्यानं टाकलेला शबूद भुईला पडू द्यायचा न्हाई. हत्ती आलाय म्हटलं की आलाय. तू इचारायचं, कुठं बांधू?"

मी म्हणालो, "कुठं बांधू?"

"राणीच्या न्हाणीत बांध."

"न्हाणीत राणी हाय."

"आता कसं. आता खेळ सुरू झाला."

तेव्हापासून मी बोलता बोलता अडलो की तात्या राजाच्या तोंडून हत्ती आणायचे. ती आमची आतली खूण होती. हत्ती आला की मी विचारायचो, कुठं बांधू, आणि गाडी पुन्हा चालू व्हायची. दुसरी त्यांची शिकवण अशी, की अडकलास तर भुईकडं बघू नकोस. भुईवर काही लिवलेलं नसतं. समोरच्याच्या डोळ्यात बघ. पुढचं बोलणं तिथं असतं.

वग लिहून द्यायला गावात माणूस एकच, शाळेचे लाटकर गुरुजी. त्यांनी सुट्टीचे तीन दिवस दिले. आम्ही त्यांच्या ओसरीवर बसायचो, ते मांडीवर पाटी आणि पाटीवर फुलस्केप कागद घेऊन लिहायचे.

पहिल्या दिवशी लिहिलेलं दुसऱ्या दिवशी त्यांनी वाचून दाखवलं आणि म्हणाले, "हे एकदा बोलून दाखवा, म्हणजे पक्कं करतो."

आम्ही बोललो. गुरुजींनी दौतीत टाक बुडवला होता, तो तसाच धरून ठेवला.

"अरे, काल तुम्ही दुसरंच बोलला होतात."

"काल काल हुतं, गुरुजी," तात्या म्हणाले.

"मग आजचं लिहू?"

"लिवा की."

"आणि उद्या?"

गुरुजींनी टाक खाली ठेवला. "सिदू, कागदाला काल-आज काही नसतं. एकदा लिहिलं की ते तसंच राहतं. तुम्हाला एक कुठलं तरी बोलणं धरावं लागेल आणि बाकीचं सोडावं लागेल."

"बाकीचं कुठं सोडायचं?" मी म्हणालो. "आमची जीभ आता कचेरीत गहाण पडली म्हणायची."

गुरुजी हसले. कागदाच्या कडेला त्यांनी काहीतरी खरडलं. मला वाटलं, माझं बोलणं त्यांना आवडलं, त्यांनी ते टिपून घेतलं.

तिसऱ्या दिवशी कच्चा कागद त्यांनी मला दिला. "पक्क्या दोन प्रती मी घरी करतो. थोडं इकडं तिकडं होईल, नीटनेटकं करताना. पण तुझी बोलणी यातलीच. पाठ कर."

पाठ करून घ्यायचं ते हौसानं. ती चौथी शिकलेली. तिनं पोरीला मांडीवर घ्यायचं, एका हातानं कागद धरायचा, एक ओळ वाचायची, मी म्हणायची. माझी बोलणी एक्केचाळीस निघाली. दोन दिवस झाले तरी मला सोळाव्यानंतर अठरावं आठवायचं आणि सतरावं गळायचं.

"अवो, मागचं धरून पुढचं म्हणा की," हौसा म्हणायची.

"मागचं कुणी टाकलं तर मी पुढचं धरतो. तू नुसती वाचतीयास. तू राजावानी बघ माझ्याकडं."

"पोरीला पाजू का राजावानी बघू?"

मग तिनंच युक्ती काढली. पाळण्याची जुनी सुतळी उसवली होती, तिला एक्केचाळीस गाठी मारल्या. एक बोलणं झालं की एक गाठ पुढं सरकवायची. बोटाला कळायचं आपण कुठं आहोत. आठ दिवसांत मला सगळं पाठ झालं. पाठ झालं आणि तोंडाची चव गेली. एकविसाव्या गाठीचं एक बोलणं मला आधी फार हसू आणायचं. आता ते म्हणताना खडा चावल्यासारखं वाटायचं.

गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला तालुक्याच्या शाळेच्या हॉलमध्ये प्रयोग ठरला. आदल्या दिवशी तात्यांनी फडातल्या सगळ्यांना गोळा केलं. फार बोलले नाहीत. "परवानगी न्हाई मिळाली तर फड मी सोडणार. ज्येनं त्येनं आपापलं बगायचं," म्हणाले. मग माझ्याकडं वळले. "गेनू, तुज्या जिभेनं ह्ये आणलं. उद्या एक शबूद जास्तीचा बोललास तर आटरा घरं बसतील. ध्येनात ठेव."

"ध्येनात हाय, तात्या."

"उद्या मी हत्ती आणणार न्हाई."

"आणू नका."

हॉलमध्ये बाकं लावली होती. खिडक्यांना गावातली माणसं लोंबकळत होती. पुढं एका टेबलाशी टिपणीस साहेब बसले होते. चाळिशीचा, किडकिडीत माणूस, पांढरा सदरा, जाड चष्मा. समोर गुरुजींनी लिहिलेली प्रत, हातात लाल पेन्सील. लाटकर गुरुजी कोपऱ्यात खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले होते.

साहेब म्हणाले, "नियम साधा आहे. कागदावर आहे ते बोलायचं. नाही ते बोलायचं नाही. माणूस आहे, चुकतो, म्हणून तीन चुका मी सोडीन. चूक झाली की लाल खूण करीन. चौथी खूण झाली की मी फाइल बंद करणार. कळलं?"

"कळलं, साहेब," तात्या म्हणाले.

ढोलकीवर थाप पडली. गण झाला, गवळण झाली. ते ठरलेलंच असायचं, त्यात चुकायला जागा नव्हती. मग वग उभा राहिला. राणीचं काम करणाऱ्या कौसाबाईनं नथ गेल्याचं सांगताना, रोजच्या सवयीनं, "अगं बाई बाई" असं एक जास्तीचं म्हटलं. पेन्सील हलली. एक.

मी आलो. उजवा हात सदऱ्याच्या खिशात, खिशात सुतळी. खिडकीतल्या एका माणसानं मला बघूनच हसायला सुरुवात केली, ओळखत असणार. एरवी मी आधी त्याचाच समाचार घेतला असता. आज मी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. पहिली गाठ, दुसरी गाठ, तिसरी. दहापर्यंत गेलो. कुणी हसेना. खिडकीतला माणूसही थांबला. मी भिंतीला सांगावं तसं बोलत होतो. बाराव्या गाठीला पायात पाय अडकून मी "आयला" म्हणालो. दोन.

मग घाम आला. बोटं ओली झाली, आणि वीस-बाविसाच्या आसपास सुतळी बोटांतून निसटली. खिशातल्या खिशात मी ती चाचपायला लागलो. कुठली गाठ झाली, कुठली राहिली, काही कळेना. तात्या समोर सिंहासनावर, म्हणजे शाळेच्या खुर्चीवर बसले होते. त्यांचं बोलणं कागदावर असं होतं, "शिपाई, चोर कोणत्या वाटेने गेला?" आणि माझं होतं, "आला त्याच वाटेने गेला, महाराज." ते आता मला आठवतंय. तेव्हा आठवत नव्हतं.

तात्यांनी माझा हात खिशात फिरताना बघितला. सोळा वर्षांची सवय. माझा चेहरा बघून त्यांना कळलं, गेनू अडला. आणि ते बोलून गेले, "शिपाई, चोर हत्तीवर बसून गेला म्हंत्यात. खरं हाय का?"

पेन्सील हलली. तीन.

बोललेलं तात्यांच्या ध्यानात आलं तसा त्यांचा चेहरा उतरला. ज्यांनी मला आदल्या दिवशी बजावलं होतं, त्यांनीच हत्ती आणला होता, आणि मला वाचवायलाच आणला होता. माझ्या तोंडात उत्तर तयार होतं. कुठं बांधू, एवढं म्हणायचं. पण ते कागदावर नव्हतं. म्हटलं की चार. कागदावरचं म्हणावं तर ते आठवत नव्हतं, आणि आठवलं असतं तरी तात्यांचा हत्ती भुईला पडला असता. मी त्यांच्या डोळ्यात बघायला मान वर केली. तात्या भुईकडं बघत होते.

ढोलकीवाल्यानं उगीच एक बोट मारलं आणि थांबला. अठरा घरं बसली, असं मनात आलं, आणि त्यामागून पाळण्यातली अनुसया.

एवढ्यात टेबलाकडून आवाज आला. साहेबांचं बोट कागदावर होतं, मान खाली होती. कचेरीत नोटीस वाचावी तशा सपाट आवाजात ते वाचत होते.

"प्रेक्षकांपैकी एक : काय हो शिपाई, जीभ घरी विसरून आलात काय?"

कुणाला काही कळेना. साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "इथं प्रेक्षकांपैकी एक आहे. तुमच्याकडून कुणी उठला नाही म्हणून मी वाचलं. पुढचं बोला."

मला वाटलं, गुरुजींनी पक्क्या प्रतीत इकडं तिकडं केलं ते हेच. पण ते कशासाठी, हा विचार करायला वेळ नव्हता. समोरून शब्द टाकला गेला होता, तो खाली यायच्या आत मला धरायचा होता. मी त्या जाड चष्म्याच्या आत बघितलं आणि बोललो.

"घरी न्हाई, साहेब. कचेरीत जमा केलीया. पावती तेवढी मिळायची ऱ्हायलीया."

आधी खिडक्या हसल्या. मग बाकं. साहेबांच्या मागं उभा असलेला हवालदार तोंडावर टोपी धरून हसला. साहेब हसले नाहीत. त्यांचं बोट कागदावर खाली सरकलं.

"आहे," ते म्हणाले. "बरोबर. पुढं."

माझ्या पाठीवरून कुणी धोंडा उतरवावा तसं झालं. हात खिशातून बाहेर आला. मी तात्यांकडं वळलो. आता ते माझ्याकडं बघत होते.

"महाराज, हत्ती सापडला. चोर पळाला, पर हत्ती मागंच ऱ्हायला. कुठं बांधू?"

तात्यांनी चोरून टेबलाकडं बघितलं.

"आहे," साहेब म्हणाले. "पुढं."

"राणीच्या न्हाणीत बांध," तात्या म्हणाले.

"न्हाणीत राणी हाय."

"तिला इचार, जागा हाय का."

कौसाबाई आतून ओरडली, "हत्तीला हाय. शिपायाला न्हाई."

"आहे," साहेब म्हणाले.

त्यानंतर आम्ही कागदावरचं किती बोललो आणि बाहेरचं किती, मला सांगता येणार नाही. तीन गावं फिरलो. एका गावात मी खिडकीतल्या त्या माणसालाच चोर म्हणून धरलं. त्यानं नथ घातली तर कशी दिसेल ते कौसाबाईनं सांगितलं, तो लाजून खिडकीतून खाली उतरला. तात्या खुर्चीवर बसायचं विसरून गेले होते. साहेब पानं उलटत होते. कधी एक, कधी दोन एकदम. मधून मधून "आहे" म्हणत होते. लाटकर गुरुजी मात्र उपरण्यानं सारखी मान पुसत होते. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. मी समजलो, आमच्या काळजीनं.

नथ राजाच्या पागोट्यात सापडली आणि वग संपला. साहेबांनी शेवटचं पान काढून दोन ओळी लिहिल्या, सही केली, शिक्का मारला. बिनखुणांची प्रत फाइलीत ठेवली, लाल खुणांची तात्यांच्या हातात दिली.

"परवानगी मिळाली," ते म्हणाले.

तात्यांनी कागद कपाळाला लावला. मग हात जोडले.

साहेब निघाले. माझ्याजवळ आल्यावर थांबले. "शिपाई, ते विहिरीचं काय होतं? कागदात दिसलं नाही."

"त्ये कागदात न्हाई, साहेब."

"मग सांगू नका."

दोन पावलं गेले आणि वळले. "नारळात तरी पाणी होतं का?"

"त्येबी कमीच हुतं, साहेब."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि गेले.

परतताना ट्रकमध्ये सगळे बोलत होते, कुणाचं कुणाला ऐकू येत नव्हतं. तात्या पेटीवर बसून हसत होते आणि डोळे पुसत होते. "हत्ती आणला रं मी," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत होते. घरी पोचलो तेव्हा हौसा दारातच उभी होती. मी खिशातली सुतळी काढून तिच्या हातात दिली. तिनं गाठी बघितल्या, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि चहा टाकायला आत गेली. त्या दिवशी मी लेकीला किती वेळ मांडीवर घेऊन बसलो होतो कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी गुरुजींच्या पाया पडायला गेलो. "गुरुजी, तुमी ती वळ घातलीत म्हणून वाचलो."

"कुठली ओळ?"

"प्रेक्षकांपैकी एक. आनि माझी जिभेची. मी वसरीवर बोललो हुतो ती तुमी ध्येनात ठिवलीत."

गुरुजींनी तांब्या पुढं ओढला. "हं," म्हणाले. "बरं झालं." मग तांब्यातलं पाणी प्याले. "गेनू, तो शिक्क्याचा कागद पेटीत नीट ठेवायला सांग सिदूला. पोलिसांनी मागितला तर शिक्का दाखवा. वाचायला कुणाला देऊ नका."

तो कागद तात्यांच्या पत्र्याच्या पेटीत चाळांच्या पिशवीखाली राहिला. जिभेचं ते बोलणं पुढं फार चाललं. गावोगावची माणसं मला बघून विचारायची, "काय शिपाई, मिळाली का पावती?" कुणी वाहवा केली की मी सांगायचो, ते माझं नाही, लाटकर गुरुजींनी लिहून दिलेलं आहे. खरं तेच सांगायचं. पण सांगताना आत थोडं टोचायचं. जन्मभर न लिहिलेलं बोललो, आणि नाव झालं ते एका लिहिलेल्या ओळीवर.

सत्त्याऐंशीच्या चैत्रात तात्या गेले. फड तिथंच थांबला. तात्यांच्या मुलानं पेटी माझ्याकडं आणून टाकली. गुरुजीही त्याच सुमाराला गेले. मग गावात साक्षरतेचे वर्ग निघाले. शिकवायला माझीच अनुसया. मी एकोणपन्नास वर्षांचा, पहिल्या रांगेत पाटी घेऊन.

"आप्पा, 'क' काढा," ती म्हणायची.

"कुठं बांधू?"

"आप्पा, वर्गात सोंगं नकोत."

दीड वर्षात मला सावकाश, बोट लावून, वाचता यायला लागलं. पाटीवरचं झालं, पुस्तकातलं झालं, एसटीवरच्या पाट्या झाल्या. मग एका दुपारी मी पेटी उघडली आणि चाळांच्या खालून तो कागद काढला. हौसा तांदूळ निवडत होती. मी मोठ्यानं वाचायला लागलो. कौसाबाईच्या ओळीशी पहिली लाल खूण होती, "अगं बाई" तिथं लिहिलेलं नव्हतं. बरोबर. बाराव्या बोलण्याशी दुसरी. चौदाव्या पानावर राजा म्हणतो, "शिपाई, चोर कोणत्या वाटेने गेला?" त्याच्याशी तिसरी. आणि त्याच्या खाली, "शिपाई : आला त्याच वाटेने गेला, महाराज."

मी बोट वर नेलं, पुन्हा खाली आणलं. पान उलटून बघितलं, मागचं बघितलं.

"काय झालं वो?" हौसा म्हणाली.

"प्रेक्षकांपैकी एक न्हाई."

"नीट बघा."

तिनं हात झटकले आणि स्वतः वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. प्रेक्षकांपैकी एक कुठंच नव्हता. जीभ नव्हती, पावती नव्हती, हत्ती नव्हता. तीन खुणांच्या पुढं चौथी खूण नव्हती. शेवटच्या पानावर शाईनं लिहिलं होतं, 'प्रयोग पाहिला. संहितेबरहुकूम झाला.' खाली सही, श्री. ग. टिपणीस.

हौसा माझ्याकडं बघत राहिली. मी हसत होतो, पण तिला वाटलं रडतोय, म्हणून तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

ती ओळ साहेबांनी जागेवर रचली होती. फडातला माणूस अडला की दुसरा शब्द टाकतो, तसा त्यांनी टाकला होता, टेबलामागं बसून, लाल पेन्सील हातात धरून. आणि पावतीचं बोलणं माझंच होतं.

अनुसयानं कचेरीत जाऊन पत्ता मिळवला. साहेब निवृत्त होऊन साताऱ्यात राहत होते. मी पोस्टकार्ड लिहिलं. माझ्या हातचं ते पहिलं पत्र. एका बाजूला मावेल एवढंच लिहिता आलं : 'साहेब, मी शिपाई. आता वाचता येते. पान चौदा वाचले. त्यात तुम्ही नाही. गेनू.'

बाराव्या दिवशी उत्तर आलं. अक्षर बारीक, सरळ रेषेत.

'रा. गेनू यांस. आपण लिहिता तसे काही घडल्याची दप्तरी नोंद नाही. प्रयोग संहितेबरहुकूम झाला. आपली जीभ कार्यालयात जमा होती ती त्याच दिवशी परत केली आहे. पावती देण्याचे राहून गेले होते, ती ही. विलंबाबद्दल क्षमस्व.'

खाली सही होती आणि सहीखाली, पेन्सिलीनं, लाल, एक लहानसा हत्ती काढला होता.

ते पोस्टकार्ड आता शिक्क्याच्या कागदात ठेवलेलं आहे. त्यानंतर आमची आणखी सात पत्रं झाली. भेट मात्र झाली नाही. श्रीधर गणेश टिपणीस साताऱ्यात आपल्या राहत्या घरी अकरा फेब्रुवारी एकोणीसशे शहाण्णव, रविवारी सकाळी वारले.